रविवारी काढलेली वायर

फलटण भागातली ती घरफोडी अजून मनातून जात नाही. परवा लेकीनं माझ्या दारावर कॅमेरा बसवला आणि मोबाईलवर अंगण कसं दिसतं ते दाखवलं, तेव्हा सगळं पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहिलं.

तो लँडलाइनचा जमाना होता. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. उसाच्या पट्ट्यातलं गाव, जवळजवळ घरटी एक माणूस फौजेत. असाच एक जवान सुट्टीवर आला. आई घरी एकटी असते म्हणून त्यानं अलार्मची पेटी बसवून घेतली आणि ती टेलिफोनच्या लाइनला जोडली. कुणी घरात शिरलं की पेटी आपोआप ठाण्याला फोन लावणार. आम्हाला केवढं कौतुक! खिडकीतून मांजर आत गेलं तरी आमचे हवालदार काठी घेऊन धावत आणि चहा पिऊन परत येत. काय दिवस होते ते.

मग एका रविवारी दुपारी खरोखरच चोरी झाली आणि पेटी गप्प राहिली. कपाटातल्या पाटल्या आणि मोहनमाळ गेली. पंचनामा करताना पाहिलं, तर पेटीत जाणारी लाइनची वायर काढलेली होती.

दुसऱ्या दिवशी पेटी बसवणारा फिटर आपणहून ठाण्यात आला. "सायब, वायर घरातल्याच मानसानं काढली आसंल. त्यो आटपाडीकडचा सालगडी हाय न्हवं? पेटीपाशी घुटमळताना बघितलाय म्या त्येला."

सालगडी त्या दुपारी गोठ्यातच होता. त्याला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा धनगर, मेंढरं विकून चाकरीला राहिलेला.

"वायर तू काढलीस?"

"न्हाई सायब."

"मग कुणी?"

गप्प. माझा आवाज चढला, त्याचा नाही. खोटं बोलणारा भरभर बोलतो, असा माझा अनुभव. नुसता गप्प बसणारा बहुधा दुसऱ्या कुणाला तरी सांभाळत असतो. गावानं मात्र त्याला चोर ठरवून टाकलं होतं. त्याची बायको ठाण्याच्या फाटकाशी बसून होती. "आवं सायब, ह्ये चोर ठरलं तर पोरीचं जमल्यालं लगीन मोडंल," एवढंच म्हणत होती.

मी पुन्हा त्या घरी गेलो. वायर कुणी तोडली नव्हती. पेटीतून काढून ती नीट टेलिफोनला जोडली होती. चोराला या घरातला फोन चालू ठेवून काय करायचंय? जवानाच्या आईला सारा गाव आक्का म्हणे. मी विचारलं, "आक्का, फोन कुणासाठी चालू ठेवला होता?"

त्या खालीच बसल्या. "माज्या लेकासाटनं, सायब. रविवारी त्येचा फोन येतो. त्यो रांगंत हुबा ऱ्हाऊन लावतो, आन् ती पेटी मधीच उचलती, त्येच्या कानात किंचाळती. म्हनून मीच वायर काढती. बोलनं झालं की पुन्ना लावती."

त्या रविवारी मुलानं बढतीची बातमी दिली होती. त्या गावात रीत अशी, की ज्या घरी मुलाचा फोन येई, ती आई मारुतीच्या देवळापाशी जाऊन बाकीच्या फौजींच्या आयांना खबर सांगे. आनंदाच्या भरात आक्कांनी कुलूप लावलं, वायर लावायची मात्र राहिली.

"लेकानं लय हौसंनं बसवली हुती. काढून ठिवती म्हनलं तर त्येला वाईट वाटंल. म्हनून गड्यालाबी शपथ घातली हुती."

"आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"त्या फिटरला. पेटी किंचाळती म्हनून बोलावला हुता, तवा सांगितलं."

मी ताडकन उठलो. वायर आक्का स्वतः काढतात हे फिटरला माहीत होतं, आणि ठाण्यात येऊन त्यानं नाव घेतलं गड्याचं. संध्याकाळी त्याला समोर बसवून हेच विचारलं. फार वेळ लागला नाही. आक्का वायर न लावताच निघाल्या हे खिडकीतून पाहून आत शिरल्याचं त्यानं कबूल केलं. मुद्देमाल सांगलीच्या एका सराफाकडून जप्त केला.

गड्याला सोडताना आक्का ठाण्यात आल्या होत्या. "बोलला का न्हाईस रं?"

"तुमी शपथ घातली हुती न्हवं, आक्का."

त्या तिथंच रडू लागल्या. मलाही भरून आलं, आणि एवढा वेळ ज्याच्यावर ओरडत होतो त्याच्याबद्दल फार आदर वाटला. त्यानं हात जोडले. "सायब, मला आनताना समद्या गावानं बघितलंय. सोडतानाबी बघू द्या."

मी जीप काढायला सांगितली. मारुतीच्या देवळापाशी थांबलो. बायका जमलेल्याच होत्या. आक्का खाली उतरल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वायर मी काढली हुती. ह्यो माज्या शपथंपायी आत बसला." गडी मान खाली घालून उभा होता. त्याच्या बायकोनं मात्र पदर सारखा केला आणि मान वर करून एकेकीकडे पाहिलं.

निर्दोष माणूस ठाण्यातून सुटला तरी गावात सुटलेला नसतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे निवृत्त होईपर्यंत अशा प्रत्येकाला मी भर दिवसा, ठाण्याच्या गाडीतून त्याच्या दारात उतरवलं. वरिष्ठ डिझेलवरून बोलायचे. मी ऐकून घ्यायचो आणि गाडी पाठवायचो.