म्हसोबाची खिडकी

आमच्या शहराच्या विमानतळाचं नाव काढलं की इथल्या माणसांची छाती फुगते. दिवसाकाठी विमानं येतात बोटावर मोजण्याइतकी, पण दर निवडणुकीत एखादा पुढारी तिथून थेट परदेशी विमान सोडतो. ते भाषण संपेपर्यंत हवेत असतं, नंतर कुणाला दिसत नाही. वेरूळ बघायला जगभरातून लोक येतात, म्हणून धावपट्टी लांब पाहिजे, असं आम्हाला एकदा सांगण्यात आलं. लेणी इतकी शतकं जागची हलली नाहीत, आमच्या शेताला मात्र तातडीनं हलावं लागलं.

अन्याय झाला असं रडगाणं मी गाणार नाही. मोबदला मिळाला, धाकट्या दिरांनी त्यात मोटार घेतली आणि ती विकूनही टाकली. तुकडा तसाही मुरमाड होता. गोची एवढीच झाली की मोजणीवाल्यांनी विहीर मोजली, बाभळीसुद्धा मोजल्या, पण बांधावरचा म्हसोबा कुणी मोजला नाही. शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा धोंडा, शेताचा राखणदार. दर आखाडात त्याला पुरणपोळी आणि नारळ दिल्याशिवाय आमच्या घरात कुणी घास घेत नसे. भिंत उठली आणि तो आत राहिला, आम्ही बाहेर.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शेत गेल्याचं फारसं वाटलं नव्हतं. तो उपाशी आहे, हे मात्र त्यांच्या जिवाला लागलं. घरात कुणाला ठेच लागली तरी त्यांचं ठरलेलं, आपण जेवतो अन् राखणदार उपाशी. रिक्षातून जाताना भिंत सुरू झाली की त्या हात जोडायच्या आणि भिंत संपली की सोडायच्या. ती भिंत काही लहान नाही. एका हातात भाजीची पिशवी असली की मोठी कसरत व्हायची.

आम्ही काय कमी खटपटी केल्या? दीर दर आखाडात ट्रॅक्टरची ट्रॉली भिंतीला लावत आणि आत्याबाई वर उभ्या राहून ताट दाखवत. एकदा आतून शिट्टी वाजली. दोन जवान आले आणि हिंदीतून विचारू लागले, क्या कर रहे हो. दीर घाबरून म्हणाले, खाना खिला रहे हैं. कुणाला, याचं उत्तर देईपर्यंत दुपार झाली. त्यानंतर ट्रॉली बंद. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ऑफिसात जाऊन रीतसर परवानगी मागितली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं की आत जायला दोनच वाटा आहेत, एक नोकरीची आणि दुसरी तिकिटाची.

साहेबांनी ते चेष्टेत म्हटलं असणार. आत्याबाईंनी ते मनावर घेतलं.

"मग काढा की तिकीट," त्या म्हणाल्या.

मुंबईला नणंद राहते, तिचं निमित्त झालं. गुलमंडीतून नवं लुगडं आलं. पंचाहत्तरी गाठलेल्या बाईला विमानातून फिरवतोय म्हणून गल्लीत आमचा भाव वधारला. खरं कारण कुणाला सांगायची सोय नव्हती. आम्हाला मुंबईला जायचंच नव्हतं, जायचं होतं आमच्याच बांधावर.

विमानतळावर पहिला खटका खिडकीवरून उडाला. आत्याबाईंना दक्षिणेच्या अंगाची खिडकी पाहिजे होती, कारण म्हसोबा दक्षिणेच्या बांधाला. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, आजी, खिडकी डावी असते नाहीतर उजवी, दक्षिण नसते. आत्याबाईंना ही पोर अडाणी वाटली. डावंउजवं माणसाचं असतं, जमिनीला दिशा असते, एवढंही हिला शिकवलं नाही. विमान फिरतं, असं मुलीनं समजावल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारून यायला सांगितलं. शेवटी मीच डावी खिडकी घेतली आणि दक्षिण म्हणून ठोकून दिली.

दुसरा खटका तपासणीत. डब्यातल्या पुरणपोळ्या सुटल्या, नारळ अडकला. विमानात नारळ चालत नाही, हा नियम मलाही ठाऊक नव्हता. नारळाला एवढं घाबरणारं यंत्र आकाशात कसं जातं, असं आत्याबाईंनी मोठ्यानं विचारलं. जवानानं नारळ टोपलीत टाकला. तिथं आधीच चार नारळ होते.

विमान सावकाश निघालं. धावपट्टीवरून पार टोकाला जायचं, तिथं वळायचं आणि मग पळायचं, अशी रीत. टोक म्हणजे आमचंच शेत. आत्याबाईंनी पट्ट्यात जखडलेल्या अवस्थेतच मांडीवर डबा उघडला. विमान वळलं आणि हुकुमाची वाट बघत थांबलं. नशीब म्हणायचं, आमची खिडकी नेमकी दक्षिणेला आली.

म्हसोबा होता. नुसता होता असं नाही, मजेत होता. भिंतीच्या आतल्या अंगाला त्याला सिमेंटचा चौथरा झाला होता, वर पत्रा होता. शेंदूर लांबूनही ताजा दिसत होता, गळ्यात झेंडूचा हार, बाजूला करवंट्यांचा हा ढीग. टोपलीतल्या आमच्या नारळाचा पुढचा मुक्काम माझ्या लगेच लक्षात आला. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस बूट बाजूला काढून हात जोडून उभा होता. एवढं मोठं यंत्र सुखरूप उडावं म्हणून त्यांनाही शेवटी आमचाच धोंडा लागला होता. मला हसू आवरेना. मी आत्याबाईंना कोपरानं ढोसून म्हटलं, बघा, तुम्ही उगाच झुरत होता, हा तर चांगला पोसलाय.

त्या हसल्या नाहीत. बघत राहिल्या. ताट दाखवायला उचललेला डबा त्यांनी खाली घेतला आणि झाकण लावलं.

"राखणदार जमिनीचा असतोय, बाई," त्या म्हणाल्या. "आपला नव्हताच तो."

मग विमान पळायला लागलं. त्यांना भीती वाटेल म्हणून मी त्यांचा हात धरला, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. मुंबईत पोळ्या नणंदेच्या पोरांनी खाल्ल्या, आणि चार दिवसांनी आम्ही एसटीनं परत आलो.

स्टँडवरून रिक्षा केली. बोलत बोलत भिंत आली. सवयीनं मी आत्याबाईंच्या मांडीवरची पिशवी उचलून घेतली, हात मोकळे व्हावेत म्हणून. त्यांनी ती माझ्याकडून परत घेतली आणि भिंत संपेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली.