बेबीआत्याचा डबा

गेल्या कोजागिरीला सकाळी बेबीआत्यानं खिरापतीचा डबा भरला, झाकण घट्ट दाबलं आणि तो भुलाबाईच्या पाटाशेजारी ठेवला. दुपारी तिला लकवा मारला. उजवा हात आणि वाचा गेली. डब्यात काय आहे हे त्या दिवशी फक्त तिला ठाऊक होतं. आज तिला ते आठवतं की नाही, यावर घरात एकमत नाही.

सौंसरच्या प्राथमिक शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती. बंद वस्तू दिसली की तिला राहवत नसे. कुरिअरचं खोकं, लग्नातली भेट, बसमध्ये शेजारणीच्या मांडीवरचा डबा, सगळं ती कानाशी धरून हलवायची. जामसांवलीला हनुमानासमोर बाकीचे डोळे मिटून उभे असत, तेव्हा तिच्या कानाशी नारळ असे. "आतलं पाणी बोलून राहिलं," म्हणायची. एकदा पुजाऱ्यानं विचारलं, "काय म्हणते मंग?" "फोडू नका म्हणते," असं सांगून तिनं नारळ त्याच्या हातात दिला.

भादव्याच्या पौर्णिमेला तिच्याकडे भुलाबाई बसायची. आमच्या भागात पोरी महिनाभर संध्याकाळी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा हलवून आतली खिरापत ओळखतात. ओळखली तर डबा उघडतो. नाही ओळखली, तर सगळ्यांनी "हरलो" म्हणायचं. बाकीच्यांसाठी हा खेळ होता. आत्याच्या लेखी भुलाबाई, म्हणजे पार्वती, माहेरी येते म्हणजे खरोखर येते. मूर्ती पाटावर ठेवली की ती तिला विचारायची, "तिगावले उतरली न व? गर्दी होती काय गाडीत?" तिगाव हे आत्याचं स्वतःचं माहेर. देवीनं दुसऱ्या स्टेशनावर उतरावं, हे तिला पटण्यासारखं नव्हतं.

डबा भरण्यात तिची सकाळ जायची. भरायची, हलवायची, नाक मुरडायची, पुन्हा रिकामा करायची. एका वर्षी तिनं खारका गुळानं बुडाशी चिकटवल्या. दुसऱ्या वर्षी फुटाण्यांत एकच खडीसाखरेचा खडा टाकला आणि "फुटाणे" हे उत्तर मान्य केलं नाही. उत्तर जवळ आलं की ती काही बोलायची नाही, झाकणावर एक टिचकी मारायची. त्या टिचकीसाठी पोरी जीव टाकायच्या. एखादीनं लवकर "हरलो" म्हटलं, तर आत्या खरोखर रुसायची. "हलवलं बी नाई नीट, अन् हरली? आण इकडे."

मी पेपरात काम करतो, हे तिला विशेष वाटत नसे. "तुम्ही पहिले उघडता, मंग सांगता," म्हणायची. "आम्ही पहिले सांगतो."

अलीकडे पोरी कोचिंगला जाऊ लागल्या. आत्या दारोदार फिरू लागली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, गुड्डीची दहावी आहे."

"हाव, मंग? दहावीत कान बंद होतात काय?"

गुड्डी आली. कोजागिरीचा तो डबाही तीच ओळखणार होती.

नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर आत्यानं पहिली खूण डब्याकडे केली. तेव्हापासून तो तिच्या उशाशी आहे. हलवला तर आवाज येत नाही. तिचा मुलगा प्रशांत दुकानातून दिवसातून कितीदा तरी घरी येतो, दारात उभा राहतो, परत जातो.

"रिकामा आहे," तो मला म्हणाला. "अन् भरला असंल तरी तिले आता आठवत नाई. काहीबी विचार, मान हलवून नाई म्हणते. उघडून टाकतो, विषय संपला."

त्यानं हात पुढे केला. आत्यानं डाव्या हातानं डबा छातीशी ओढला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. त्यानं हात मागे घेतला.

मी पडताळून पाहिलं. तुझं माहेर पांढुर्णा? नाही. बोरगाव? नाही. तिगाव? तिनं होकारार्थी मान हलवली.

"तिगाव तर कोणालेबी आठवंल," प्रशांत म्हणाला. "डब्याचं सांग." डब्याचं उत्तर तपासून पाहायला माहीतगार दुसरा कोणी नव्हता. बाहेर पडताना त्यानं हळूच विचारलं, "समज उघडला, अन् रिकामाच निघाला, तर?"

त्यानंतर त्यानं डब्याला हात लावलेला नाही.

गुड्डी कोचिंगहून येताना थांबते. फुटाणे? नाही. राजगिऱ्याचे लाडू? नाही. खारका? नाही. बत्तासे? नाही. प्रशांत एकदा तिच्यावर ओरडला, "अवो, म्हणून टाक न हरली म्हणून!" तिनं म्हटलं नाही.

परवा संध्याकाळी तिनं डबा हलवलाच नाही. दोन्ही तळव्यांवर ठेवला, तोलून पाहिला.

"आजी, कापूस कोंबला काय व आत? आवाज येऊ नये म्हणून?"

प्रशांत दारात उभा होता. आत्याचा डावा हात चादरीवरून पुढे सरकला. तिनं झाकणावर एक टिचकी मारली.

प्रशांत उंबऱ्यावरच बसला.

"अन् कापसात काय आहे?" गुड्डीनं विचारलं.

डबा अजून बंद आहे. मुंग्या लागलेल्या नाहीत.