भोंगाताईची हाक

भोंगाताईला हळू बोलता येत नव्हतं, यात तिचा काही दोष नव्हता. ऐन उमेदीची वर्षं तिनं यंत्रमागाच्या शेडमध्ये काढली होती. तिथं शेजारणीला 'धागा तुटलाय' एवढं सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. हिचा आवाज शेडच्या पार टोकाला जाई, म्हणून बायकांनी तिचं नाव भोंगा ठेवलं. पुढे शेड बंद पडली, माग भंगारात गेले, नाव तेवढं राहिलं. घरात नवऱ्याच्या कानात काही सांगायला जावं, तर उत्तर शेजारच्या खोलीतून यायचं.

तिची जाऊ एका स्टुडिओत जायची. परक्या भाषेतले सिनेमे तिथं आपल्या भाषेत बोलके करत, आणि गर्दीच्या आवाजांसाठी माणसं लागत.

"चल माझ्याबरोबर," जाऊ म्हणाली. "तिथं ओरडायलाच बोलावतात."

"ओरडायला? आणि लोक ऐकून घेतात?"

"ऐकून घेतात काय, 'अजून जोरात' म्हणतात!"

भोंगाताई गेली आणि रुळलीसुद्धा. कधी मोर्चा, कधी आग, कधी भर बाजार. पडद्यावर माणसं तोंड उघडत आणि ही माइकपासून लांब उभी राहून आवाज देई. जवळ आली की काचेमागचा रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून कान चोळत बसे. पण शेवटी तो गर्दीतला आवाज. "ती आग लागली ना, त्यात मी आहे," असं ती लेकीला कौतुकानं सांगायची. "त्यातली तू कुठली?" लेक विचारायची. ते तिचं तिलाही सापडत नसे.

एका सिनेमात बोट धक्का सोडून निघालेली असते. बोटीवर लेक, धक्क्यावर आई. भाषांतर करणाऱ्यानं घाईघाईत मूळ शब्द तसाच ठेवला होता: 'आई क्राईज'. आईचा आवाज देणारी नटी गुणी होती. ती अशी रडली की जावेनं डोळ्यांना पदर लावला. पण पडद्यावरच्या आईचं तोंड 'आ' वासलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या. त्या रडण्याचा तिथं मेळच बसेना.

दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. "चुकतंय आपलं. क्राय म्हणजे रडणं खरं, पण ओरडणंही तेच आणि पुकारणंही तेच. ही रडत नाहीये, लेकीला हाक मारतेय. म्हणून तर पोरगी वळून बघते!"

नटीनं हाक मारून पाहिली. सकाळपासून रडून तिचा घसा बसला होता. पाणी पिऊन ती म्हणाली, "माझी हाक धक्क्यावरच पडतेय, बोटीपर्यंत पोचत नाही. भोंगाताईंना घ्या ना. आमचे आवाज जुळतात."

सगळ्यांच्या माना वळल्या. भोंगाताई एकटी माइकसमोर उभी राहिली. पडदा उजळला.

"पोरीऽऽ!"

"ताई, ही आरोळी झाली," दिग्दर्शक म्हणाला. "चोर पकडल्यासारखी."

दुसऱ्यांदा तिनं आवाज चढवला.

"ही किंकाळी. आता बोटीलाच आग लागली!"

सगळे हसले, तीही हसली. पण मनातून ती खट्टू झाली. आपण जन्मभर न मागता ओरडत आलो आणि आज कुणी मागतंय तर जमू नये? तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. इतका वेळ ती आईच्या ओठांवर नजर लावून होती. आता तिला पोरगी दिसली. कठड्याला धरून उभी, केस वाऱ्यावर, पाठ इकडे. बोट लांब चाललेली. ही वळली नाही तर गेलीच.

भोंगाताई मागं सरकली. पाठ दाराला टेकली तेव्हा थांबली.

"पोरीऽऽऽ!"

त्यात राग नव्हता, भीती नव्हती. नुसतं बोलावणं होतं. आवाज पाण्यावरून गेल्यासारखा लांबत गेला आणि पडद्यावरच्या पोरीनं मान वळवली.

काचेमागून रेकॉर्डिस्टच ओरडला, "वळली!" नटीनं धावत येऊन भोंगाताईला मिठी मारली.

सिनेमा लागला तेव्हा सगळं घरदार बघायला गेलं. बोट निघाली. भोंगाताईनं लेकीचा हात धरला. हाक आली, सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि काळोखातून कुठलीशी चिमुरडी झोपेतून दचकून म्हणाली, "आले गं आई!"

लोक हसले, कुणी डोळे पुसले आणि कुणीतरी टाळी वाजवली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंगाताईला राहवेना. ती ताडकन उभी राहिली.

"माझी हाक आहे ती! माझी!"

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी वळून तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"खरं की काय? मग होऊन जाऊ दे अजून एकदा!"

भोंगाताईनं छाती भरून श्वास घेतला.