प्लासिदचा तीन नंबरचा जनरेटर

मालवणच्या एका बर्फ कारखान्यात प्लासिदने एकतीस वर्षं जनरेटर सांभाळला. लाईट गेली की दोन मिनिटांत मशीन सुरू झालंच पाहिजे, नाहीतर लाद्यांचं पाणी आणि होड्यांवरच्या मासळीची माती. बटण दाबायच्या आधी तो न चुकता कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस काढायचा. पुढे मालकाने आपोआप चालू-बंद होणारं पॅनल बसवलं आणि प्लासिदला शाल देऊन घरी पाठवलं. शाल बरी होती, असं तो अजून म्हणतो. पॅनलबद्दल मात्र चांगला शब्द काढत नाही.

घरी बसून तो बायकोच्या, डोरथीच्या, डोक्याला ताप झाला. दिवसभर फ्रिजच्या आवाजात खोट काढायचा. शेवटी त्यांची एकुलती एक लेक मेल्विना, पुण्याला नर्स आहे, तिने आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. परक्या ग्रहावर जमिनीच्या पोटात वस्ती वसवायची. तिथे श्वासाची हवासुद्धा यंत्राने करायची. यंत्राला वीज लागते, ती कोळशाच्या जनरेटरवर करायची आणि उरेल ती बॅटऱ्यांत साठवायची.

"आणि मेन लाईन कधी येता?" पहिल्याच दिवशी प्लासिदने विचारलं. जनरेटर म्हणजे लाईन येईपर्यंतचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

"पप्पा, थंय लाईन नाय. तूच लाईन."

झालं, गडी पेटला. वस्तीतल्या माणसांना त्याने गावातलीच नावं दिली. कोळशाच्या खाणीत खपणारा गंगाराम. खऱ्या गंगारामाने जन्मात कुदळ धरलेली नाही. स्वयंपाक करणारी सत्यवती. आठवडाभर प्लासिद खेळायचा आणि शनिवारी खेळाची फाईल लेकीला पाठवायचा. रविवारी तो इगर्जीतली प्रार्थना आटपून आला की दुपारी दोनच्या ठोक्याला तिचा फोन. मग ती तिकडे खेळायची, हा इकडून हुकूम सोडायचा, संध्याकाळी फाईल परत यायची. एरवी 'जेवलंस काय' यापलीकडे न जाणारी बापलेक आता दोन-दोन तास बोलायची.

पण बॅटऱ्या भरल्या तरी त्याचे तिन्ही जनरेटर कोळसा खातच राहायचे. प्लासिद ते हाताने बंद करायचा. एका दुपारी बांगड्याची कढी अंमळ जास्त झाली, त्याचा डोळा लागला. उठला तेव्हा तिन्ही जनरेटर धडधडत होते आणि कोळसा तळाला गेला होता.

"पप्पा, कोळसो दोन दिसांचो उरलो," रविवारी मेल्विना म्हणाली. "ती हुशार बॅटरी लाव. वीस टक्क्यांवर इली की जनरेटर आपसूक चालू, नव्वदाक बंद."

"नको."

"कित्याक? माणसां गुदमारतली."

"तसल्याच पॅनलान माका एकदा घराक धाडल्यान," प्लासिद म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

खरी भीती वेगळीच होती आणि ती त्याने कोणाला सांगितली नाही. वस्ती आपली आपण चालायला लागली तर रविवारी लेक फोन कशाला करील?

"चेडू काय जनरेटराक फोन करता?" डोरथी भात गाळता गाळता म्हणाली. "पिसो काय तू?" तिला न सांगता कळलं होतं. प्लासिदला बायकोचा राग आला आणि रडूही आलं.

सोमवारी कोळसा वाचवायला बंद ठेवलेले जनरेटर चालू करायला त्याला उशीर झाला, हवा संपली आणि सत्यवती चुलीपाशी कोसळली. मग मात्र त्याच्याने राहवेना. क्रूस काढून त्याने हुशार बॅटरी बसवली, तिन्ही जनरेटरना तारा जोडल्या. जनरेटर आपोआप सुरू झाले, आपोआप थांबले. सत्यवती उठून कामाला लागली. पाच दिवस प्लासिद नुसता बघत राहिला. शनिवारी त्याने फाईल पाठवली.

रविवारी दोन वाजले. तीन वाजले. फोन नाही. साडेचारला नुसती फाईल परत आली.

जड मनाने त्याने ती उघडली. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त तीन नंबरच्या जनरेटरची तार बॅटरीपासून तोडलेली होती. तिथून एक नवी तार वस्तीच्या टोकाला गेली होती. तिथे एक छोटी खोली, एक खाट, एक विझलेला दिवा. खाटेवर नवं माणूस बसलं होतं, नाव मेल्विना. त्या दिव्याला दुसरीकडून वीजच नव्हती, आणि तीन नंबर आता हातानेच चालू करावा लागणार होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"पप्पा, आज डब्बल ड्युटी लागली, उशिरा सुटलंय आणि पयली ही खोली बांदलंय. बगलंस? माज्या खोलयेत काळोख आसा."

प्लासिदने तीन नंबरचा जनरेटर निवडला. त्याने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली आणि बटण दाबलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.