बुजवलेली मोरी आणि परराष्ट्र धोरण

आमच्या वडिलांना सकाळच्या चहाबरोबर परराष्ट्र धोरण लागतं. आमच्या बेडसे गावातल्या हॉटेलाच्या बाकावर ते बसले, की दिल्लीची काही खैर नसते. मी लोणावळ्याला एका लॉजच्या काउंटरवर नोकरी करतो. सीमेवर चार दिवस धुमश्चक्री झाली त्या वर्षी तर ड्युटीला जाताना मी त्या हॉटेलाकडे बघायचंच टाळत होतो.

वडिलांचं म्हणणं असं, की शेजाऱ्याकडे अणुबाँब आहे, आपल्याकडेही आहे. अतिरेक्यांना जरूर ठोका, पण बोलणं कायमचं बंद ठेवून नुसते दम देण्यात काय शहाणपण? आणि नद्यांचं पाणी अडवणार म्हणता, ते साठवणार कुठं, डोक्यावर? यावर बाकी मंडळी त्यांना तिकडेच जाऊन राहायला सांगत. त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या भावकीतल्या एका आबांचा.

आता पंचाईत अशी, की आबांचं भाताचं खाचर आमच्या वरच्या अंगाला. वरचं भरलं की बांधाची मोरी उघडून पाणी खालच्याला सोडायचं, ही आमच्याकडची रीत. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नाही. त्या आषाढात पावसानं ओढ दिली आणि ऐन लावणीत आबांनी हॉटेलातला राग मोरीवर काढला. दगडमाती घालून ती पार बुजवून टाकली. ओढ्याच्या पाण्यानं त्यांचं खाचर तुडुंब, आमचं कोरडं ठणठणीत. लावणीला आलेलं आमचं रोप पिवळं पडायला लागलं. अजून थोडं लांबलं असतं तर घरचा वर्षाचा भात गेलाच होता.

आता वडील बोलणी करणार, अशी माझी भाबडी समजूत. ते उठले आणि पॉवर टिलर अंगणाच्या तोंडाशी आडवा लावून आले. आबांचा ट्रॅक्टर आमच्या अंगणातूनच शेतात जातो. त्यांच्याकडे पाणी, आमच्याकडे वाट. झाले की दोघांकडे अणुबाँब, असं मी म्हणालो, पण कुणी हसलं नाही. मग दोन्ही घरं आपापल्या दारात उभी राहून एकमेकांकडे न बघण्याचं काम मोठ्या निष्ठेनं करू लागली.

शेवटी न राहवून मी वडिलांना म्हटलं, जाऊन बोला.

"आधी त्यानं मोरी उघडावी. मग बोलू."

आई भाकरी थापत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मग दिल्लीवाले दुसरं काय म्हनत्यात वो?"

वडील गप्प झाले. एवढ्या वर्षांत हॉटेलातल्या कुणालाही हे जमलं नव्हतं. थोड्या वेळानं ते उठले, टिलर बाजूला घेतला आणि बांधाकडे निघाले. मी ओट्यावरून बघत होतो. त्यांना बघून आबाही बांधावर आले. दोघे म्हातारे आमच्या पिवळ्या रोपाकडे बघत उभे राहिले. मग आबा वाकून दगड काढू लागले, वडील चिखल उपसू लागले. जरा वेळानं त्यांची जुंपलीसुद्धा, पण ती मोरी कुठून फोडायची यावरून.

वडील गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तसं सरळ सांगायचं सोडून मी चेष्टा केली, की आता तुम्हालाच परराष्ट्रमंत्री करायला पाहिजे.

पाय धूत ते म्हणाले, "माझं कसलं कौतुक करतो? माझं रोप मरत व्हतं, म्हनून गेलो. तितं दिल्लीत बोलायचं न्हाई म्हनून बसल्यात, त्यांचं काय मरतंय?"