लंगडणाऱ्या कोंबड्यांची अक्का

अक्का गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी तिच्या कोंबड्या आल्या. त्यांना आज दाणे कुणी घातले असतील? सख्खी मोठी बहीण गेली आणि मला हे सुचलं, याची लाज वाटते. पण अक्कानेही पहिल्यांदा हेच विचारलं असतं. दीड महिना झाला. अजून नीट रडू येत नाही... येतो तो राग, आणि तो बहुतेक स्वतःचाच.

भाऊजी रेल्वेत होते. ते गेल्यावर तिच्या मुलाने, संदीपने, पुण्याला फ्लॅटवर चल म्हणून किती विनवलं. मी इकडे नाशिकहून तेच टुमणं लावून होते. अक्काने इगतपुरीचं घर काही सोडलं नाही. परसात बारा-पंधरा गावठी कोंबड्या होत्या, आणि तिथला पाऊस म्हणजे चार महिने पायाखाली चिखल. ओल्यात वावरून कोंबडीच्या तळव्याला बारीकशी जखम होते, आत पू धरतो, वर काळी खपली बसते आणि कोंबडी लंगडू लागते. आळीतले लोक अशी कोंबडी सरळ कापून खात. अक्का तिला मांडीवर उताणी धरायची, कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवायची, खपली मऊ पडली की अलगद काढायची, हळद भरून जुन्या सुती साडीची चिंधी बांधायची. मग त्या कोंबडीची रवानगी वेगळ्या डालग्याखाली, कोरड्या तुसावर. वेगळी कशाला, असं मी एकदा विचारलं.

"बाकीच्या टोचून टोचून मारतात तिला. लंगडी दिसली की सोडत नाय," अक्का म्हणाली. "म्हणून तर ती लपवती. लय दुखत असलं तरी सगळ्यांबरोबर सरळ चालायला बघती. आपल्याला दिसतं तोपर्यंत उशीर झालेला असतो."

लोक तिला 'कोंबड्यांची डॉक्टरीण' म्हणून हसायचे आणि आपली कोंबडी लंगडली की गुपचूप तिच्याकडेच आणायचे. एकदा शेजारच्या यमुनाबाईंच्या कोंबड्याच्या पायाला पतंगाचा मांजा गुंडाळला गेला होता, पाय काळानिळा पडलेला. अक्काने सुईच्या टोकाने एकेक वेढा सोडवला. त्यात माझा चहा दोनदा गार झाला. मी वैतागून म्हटलं, "अक्का, कधी माणसांकडेही बघत जा." तिने मानसुद्धा वर केली नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी गेले तेव्हा ती दारापर्यंत आली, पण पाऊल पुरतं टेकवत नव्हती. विचारलं तर आधी उडवाउडवी केली, मग पाटावर बसून पायाची चिंधी सोडली. तळव्याला काळी खपली, भोवती सूज. अक्काला साखर होती, वर्षानुवर्षांची. पायाला काही लागलं तरी तिला कळत नसे. आणि ही बाई स्वतःवर कोंबडीचाच इलाज करत होती! तेच मीठपाणी, तीच हळद.

"वेड लागलंय का तुला? उद्याच्या उद्या दवाखान्यात चल."

"आठ दिवसांत सुटल खपली. संदीपला सांगू नको. तो मला घेऊन जाईल आन् कोंबड्या विकून टाकील. माझी शपथ हाय तुला."

मी शिकलेली बाई. तीस वर्षं शाळेत मुलांना आरोग्याचे धडे दिले. आणि मी ती शपथ पाळली. फोनवर विचारत राहिले, ती "बरं हाय" म्हणत राहिली... महिन्याभरात ताप डोक्यात गेला आणि यमुनाबाईंच्या मुलाने तिला गाडीत घालून नाशिकला आणलं. डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून पाय कापला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

हे लिहायला घेतलं आणि संदीपला न सांगता छापायला देणं बरं वाटेना. त्याला फोन लावला. मी पाय पाहिला होता, मी गप्प बसले, सगळं सांगून टाकलं. तो वाट्टेल ते बोलेल, अशी मनाची तयारी ठेवली होती.

"मावशी, मीही पाहिला होता," तो म्हणाला. "तुझ्या आधी. दसऱ्याला आलो होतो तेव्हा. मावशीला सांगू नको, आई म्हणाली, ती लगेच गाडी करून येईल आणि दवाखान्यात टाकेल. शपथ घातली मला."

म्हणजे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं... तेव्हा मात्र मला रडू आवरेना. तोही रडत होता. तेराव्यानंतर शेजाऱ्यांनी कोंबड्या वाटून घेतल्या, पण एक लंगडी कुणी पाळायला घेईना. ती संदीपने पुण्याला नेली, बाल्कनीत ठेवली, हे मला त्या फोनवर कळलं.

"मावशी," नाक ओढत त्याने विचारलं, "तिच्या पायाची पट्टी किती दिवसांनी सोडायची?"

"रोज," मी म्हटलं. "रोज सोडून बघायची. ती नीट चालत असली तरी."