मोठ्या बाईंचं टाचण

मोठ्या बाई रिकाम्या वर्गाला शिकवत. शाळा सुटली की फळा पुसून उद्याचा तास आजच घ्यायच्या, आणि मधेच सतरंजीवर पोरांच्या जागी बसून स्वतःलाच चुकीची उत्तरं द्यायच्या. मुरुम गावाजवळच्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत मी नवीन रुजू झाले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हे बघून मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय.

माझं टाचण, म्हणजे तासाची आखणी, अगदी देखणं असायचं. उद्दिष्टं, साहित्य, प्रश्न, सगळं जागच्या जागी. बाईंनी ते वाचून परत दिलं. "ह्यात तू काय बोलणार ते हाय. पोरं काय चुकणार, ते कुठंय?" मला रागच आला. डी.एड.ला माझ्या टाचणांचं कौतुक व्हायचं. पण त्या दिवसापासून मी आधी चुका शोधायला लागले आणि मग धडा.

चूक सापडली तरी बाई ती लगेच पुसू देत नसत. एका पोरानं 'एकशे पाच' अंकात १००५ लिहिलं, तर ते दिवसभर फळ्यावर ठेवून त्याच्याकडूनच काढून घेतलं की शंभर लिहून पुढं पाच लिहिले म्हणून. "चूक म्हंजे पाव्हणी. आल्या आल्या हाकलू नये. बसू द्यावं, कुठनं आली इचारावं." 

पुढच्या जूनमध्ये शाळेच्या जिवावर बेतलं. एकेक मुलगा मुरुमच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसू लागला. पट इतका उतरला की तिसरीतला बसू नावाचा मुलगाही गेला, तर शाळा बंद होणार होती. दुसरी शाळा ओढ्यापलीकडं. तिकडं मुलींना कोण पाठवणार? बसूची चौथीतली बहीण गौरा तर घरीच बसणार, हे उघड होतं. त्यांचे वडील शिवप्पा बसूचा दाखला मागायला आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "अप्पा, शनिवारी येऊन एक तास बघा. मग काय ते ठरवा." आणि माझ्याकडं वळल्या, "तास तू घे. अप्पा माझ्याच हाताखाली शिकलाय, माझं समदं त्याला पाठ हाय."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही अपूर्णांकांच्या सगळ्या चुका गोळा केल्या. दोनापेक्षा चार मोठे, म्हणून अर्ध्यापेक्षा पाव मोठा, इथपासून सुरुवात. बाई विद्यार्थी होऊन इतक्या चुकल्या की मी रडकुंडीला आले. "आता एकबी उरली न्हाय," म्हणाल्या तेव्हा कुठं मला धीर आला.

शनिवारी अप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले. चेहरा कोरा. मी गौराला एक भाकरी दिली आणि म्हटलं, "अर्धी बसूला दे." तिनं भाकरी मोडली, मोठा तुकडा बसूला दिला आणि लहान स्वतःकडं ठेवला.

"दोन्ही अर्धेच का?"

"व्हय बाई. भावाचा अर्धा मोठा असतो."

वर्गात कुणी हसलं नाही. ही चूक आमच्या टाचणात नव्हती. मी बाईंकडं पाहिलं, तर त्या मान खाली घालून बसलेल्या. तुकडे सारखे करून पुढं गेले असते तर तास निभावला असता. पण पाव्हणी दारात उभी होती.

"असं कुणी सांगितलं, गौरा?"

"सांगत न्हाईत. तसंच वाढतेत."

अप्पांचा फोन वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला. मी गौराला तुकडे एकावर एक ठेवायला सांगितले. बसूच म्हणाला, "माझं जास्त हाय की." पुढचा तास मी कसाबसा उरकला. तास संपताच अप्पा निघून गेले.

"बाई, मी शाळा बुडवली."

"चूक घरातनं आली हुती," बाई म्हणाल्या. "आता घरी जाऊ दे तिला." पण त्यांचाही डबा तसाच राहिला होता.

सोमवारी प्रार्थनेआधीच अप्पा हजर. "दाखला द्या, बाई."

"बसूचा?"

"दोघांचाबी. गौराबी गाडीनंच जाईल."

बाईंनी दोन्ही दाखले लिहिले. आमची शाळा आता बंद होणार, दोघींच्या बदल्या होणार, हे आम्हाला कळत होतं. पण त्यांचा हात थांबला नाही. अप्पा फाटकाबाहेर गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच रडल्या.

"पोरी, लागू पडला बघ तुझा तास."

मलाही रडू आवरेना. आनंद आणि दुःख इतकं एकत्र मी त्याआधी कधी सोसलं नव्हतं. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चल. बाकीच्या पोरींची घरं गाठू. त्यांच्या बापांनी कुठं तास बघितलाय?"